वर्गणी प्रेक्षकांची, पात्रे कोणाची?

एका कल्पित माणसाच्या मृत्यूवरून हजारो सुशिक्षित स्त्रीपुरुषांनी महिनेच्या महिने वाद घालावा, निर्मात्याला जाब विचारावा आणि निर्मात्यानेही आपली बाजू मांडण्यासाठी मुलाखती द्याव्यात, हे दृश्य प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटण्याजोगे आहे. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून त्याची वासलात लावणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतील. परंतु ज्या वादामागे लोकांनी आपखुशीने दिलेले लाखो डॉलर आहेत आणि ज्याच्या तळाशी ‘निर्मितीवर मालकी कोणाची’ हा अर्थशास्त्रातील जुना व अवघड प्रश्न आहे, तो वाद इतक्या सहजपणे निकालात काढता येणार नाही. ‘व्हेरॉनिका मार्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या २०१९ सालच्या पुनरुज्जीवनावरून जो वाद माजला तो या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे इष्ट होईल. नेपच्यून हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे एक कल्पित गाव. तेथे लक्षाधीश राहतात आणि लक्षाधीशांच्या घरी राबणारे राहतात. मध्यमवर्ग असा जवळजवळ नाहीच. गावचा शेरीफ, म्हणजे निवडून आलेला पोलीस अधिकारी, कीथ मार्स हा एका धनाढ्याच्या मुलीच्या खुनाबद्दल खुद्द त्या धनाढ्यावरच संशय घेतो आणि त्यापायी त्याची अधिकाराची जागा जाते. तो खाजगी गुप्तहेर बनतो. त्याची शाळकरी मुलगी व्हेरॉनिका त्याला मदत करते. खून झालेली लिली ही तिचीच जिवलग मैत्रीण. लिलीचा प्रियकर लोगन एकोल्स हा एका चित्रपटनटाचा मुलगा. तो उद्धट आहे, क्रूर आहे आणि घरी बापाचा मार खाणाराही आहे. पहिल्या हंगामाच्या अखेरीस लोगनचा बापच खुनी ठरतो. व्हेरॉनिका आणि लोगन यांचे वैरातून प्रेमात आणि प्रेमातून पुन्हा दुराव्यात होणारे स्थित्यंतर हा मग मालिकेचा एक मुख्य धागा बनला. रॉब टॉमस यांनी निर्मिलेली आणि क्रिस्टन बेल यांनी नायिकेची भूमिका केलेली ही मालिका २००४ साली सुरू झाली आणि तीन हंगाम व ६४ भाग झाल्यावर २००७ साली बंद पडली. प्रेक्षक होते, पण थोडे. त्या थोड्यांनी निषेध म्हणून नायिकेच्या आडनावाशी जुळणाऱ्या ‘मार्स’ चॉकलेटच्या वड्या हजारोंच्या संख्येने वाहिनीच्या कचेरीत धाडल्या. वाहिनी बधली नाही.

संतोषाधिक्याचा धडा

वाहिनी का बधली नाही, याचे उत्तर सोपे आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीत प्रेक्षक हा ग्राहक नसतो. तो विकला जाणारा माल असतो. खरा ग्राहक जाहिरातदार, आणि तो डोकी मोजतो. एखादी मालिका बंद झाली तर ज्याला दुसऱ्या दिवशी तिची आठवणही होणार नाही असा माणूस आणि ती चालू राहावी म्हणून पदरचे पैसे मोजायला तयार असलेला माणूस, हे दोघे या मोजणीत सारखेच. आवडीची व्याप्ती या बाजारात मोजली जाते, तीव्रता मोजली जात नाही.

एखाद्या वस्तूसाठी माणूस जितके देण्यास तयार असतो आणि प्रत्यक्षात जितके देतो, त्यांतील फरकाला मार्शलच्या परंपरेत उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. पाठ्यपुस्तकात ते आकृतीतला एक त्रिकोण असते. बाजारात ते डोळ्यांना दिसत नाही. २०१३ साली ते दिसले. मालिकेचे हक्क वॉर्नर ब्रदर्स या कंपनीकडे होते आणि चित्रपट काढण्याइतकी मागणी आहे याची तिला खात्री नव्हती. टॉमस यांनी मार्च महिन्यात ‘किकस्टार्टर’ या वर्गणी गोळा करणाऱ्या व्यवस्थेमार्फत प्रेक्षकांनाच आवाहन केले. वीस लाख डॉलरचे उद्दिष्ट पहिल्या दिवशीच पार झाले. महिनाभरात ९१,५८५ लोकांनी मिळून ५७,०२,१५३ डॉलर जमविले. म्हणजे माणशी सरासरी बासष्ट डॉलर पडले. चित्रपटाच्या एका तिकिटाला जे लागतात त्याच्या कितीतरी पट. सहा वर्षे बंद असलेल्या मालिकेबद्दलची ओढ अशी रोख स्वरूपात प्रकट झाली.

या वर्गणीच्या बदल्यात देणाऱ्याला काय मिळाले? रकमेच्या मानाने पटकथेची प्रत, सदरा, चित्रपटाची प्रत. दहा हजार डॉलर देणाऱ्या एकाला पडद्यावर एक वाक्य बोलण्याची संधी. नफ्यात वाटा मात्र कोणालाच नाही आणि कथेवर अधिकारही नाही. अटी आधीपासून स्पष्ट होत्या, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. तरीही हा व्यवहार विचित्र होता हे मान्य करावे लागते. भांडवल उभारणीचा धोका प्रेक्षकांनी उचलला, मालमत्ता कंपनीची राहिली. हा व्यवहार ना धड खरेदी, ना गुंतवणूक, ना दान. आपल्याकडे ज्याला ‘वर्गणी’ म्हणतात त्याच्या तो सर्वांत जवळचा. पण वर्गणीदाराला वार्षिक सभेत उठून दोन प्रश्न विचारता येतात, तशी सोय येथे नव्हती.

‘मंथन’ची आठवण

लोकांच्या वर्गणीतून चित्रपट काढण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट १९७६ साली आला. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याचे भांडवल उभे केले. त्याच्या पटकथेसाठी विजय तेंडुलकरांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आपला चित्रपट पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून शेतकरी गाड्या भरभरून शहरात आले.

दोन्ही प्रयोग वरवर सारखे दिसले तरी त्यांत एक मूलभूत फरक आहे. ‘मंथन’ची निर्माती गुजरातच्या सहकारी दूध संघांची शिखर संस्था होती आणि पैसे देणारा शेतकरी हा त्या सहकाराचा सभासद होता. त्याच्या दोन रुपयांच्या मागे एक संस्था होती, तिची घटना होती, सभा होती. नेपच्यूनच्या वर्गणीदारामागे असे काही नव्हते. तो एकटा होता, आणि त्याच्यासारखे आणखी नव्वद हजार एकटे होते. ज्या भावनेला सहकारात सभासदत्वाचे रूप मिळते तिला येथे केवळ वादाचे रूप मिळाले. चाहत्यांचा हा वाद पुढे इतका कडवट का झाला याचे एक कारण मला येथे दिसते.

२०१४ साली चित्रपट आला आणि त्याने वर्गणीदारांना हवे ते दिले. न्यूयॉर्कची वकिली आणि तेथला सालस मित्र पिझ या दोहोंना सोडून व्हेरॉनिका नेपच्यूनला परतते आणि लोगनची निवड करते. हा चित्रपट चाहत्यांच्या मनाप्रमाणे बेतलेला आहे, अशी टीका तेव्हा काहींनी केली. २०१९ साली ‘हुलू’ या कंपनीने आठ भागांचा चौथा हंगाम काढला. या हंगामाला वर्गणी नव्हती; सारा पैसा कंपनीचा होता. हा तपशील वादात पुष्कळदा विसरला गेला, पण न्यायबुद्धीने विचार करणाऱ्याने तो विसरता कामा नये.

वादाचा गाभा

चौथ्या हंगामातला लोगन पूर्वीचा राहिलेला नाही. तो नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात अधिकारी आहे, मानसोपचार घेतो आहे, आपला संताप आवरायला शिकला आहे. उलट व्हेरॉनिका आहे तेथेच आहे. लोगनचा हा शांतपणा तिला अस्वस्थ करतो. जुना धगधगता लोगन अधूनमधून तिला हवासा वाटतो. तो लग्नाची मागणी घालतो, ती आधी नाकारते आणि मग स्वीकारते. शेवटच्या भागात त्यांचे लग्न लागते. त्यानंतर काही वेळातच रस्त्यावर उभी असलेली मोटार हलवायला गेलेला लोगन तीत ठेवलेल्या बॉम्बच्या स्फोटात मरतो. वर्षभरानंतर व्हेरॉनिका नेपच्यून सोडून निघते. आपल्याशी लग्न का करावेसे वाटले हे लोगनने मानसोपचारतज्ज्ञाला पाठविलेल्या ध्वनिमुद्रित निरोपात सांगितलेले असते. ते ती ऐकते आणि मालिका संपते.

टॉमस यांनी या शेवटाचे समर्थन जाहीरपणे केले. मालिका पुढे जगायची असेल तर तिने तरुणांच्या प्रेमकथेचे कवच टाकून निखळ गुन्हेशोधाची कथा बनले पाहिजे, आणि घरी नवरा वाट पाहत असलेली गुप्तहेर स्त्री त्या जातीच्या कथेत बसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. या बाजूने बोलणारे चाहतेही होते. नेपच्यून हे गाव कोणालाच सुखाने जगू देत नाही, हे मालिकेने पहिल्या भागापासून सांगितले आहे. मग आताच सुखान्ताचा हट्ट का, असा त्यांचा सवाल. २०१४ च्या चित्रपटाने वर्गणीदारांची मर्जी राखली तेव्हा कलेची हानी झाली असे म्हणणाऱ्यांना आता मर्जी न राखल्याबद्दल तक्रार करता येत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. दोन्ही मुद्दे बिनतोड नसले तरी वजनदार आहेत.

विरुद्ध बाजूचे म्हणणे केवळ ‘आमचा लाडका मारला’ इतकेच असते तर ते सोडून देता आले असते. पण ते तेवढेच नव्हते. बापाच्या पट्ट्याचे वळ अंगावर घेऊन वाढलेला एक मुलगा पंधरा वर्षांच्या कथाकाळात हळूहळू माणूस बनतो, हे मालिकेचे एक मोठे विधान होते. तो बरा होताच त्याला मारणे म्हणजे ते विधानच खोडून टाकणे, असे अनेकींनी म्हटले. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक होता. एकटा, कडवट, कोणाचाच नसलेला गुप्तहेर हा पुरुषांच्या रहस्यकथांतून उसना घेतलेला साचा आहे. विवाहित स्त्रीही धाडसी आणि दुःखी असू शकते, हे नव्याने लिहून दाखविण्याची संधी मालिकेला होती आणि तिने ती घालविली. मला स्वतःला हा आक्षेप या साऱ्या वादातील सर्वांत मोलाचा वाटतो. तो पात्राबद्दलच्या मायेतून उगवला, पण कथेच्या रचनेबद्दलच्या विचारापर्यंत पोहोचला.

निर्मात्याच्या समर्थनातली खरी उणीवही येथेच आहे. लोगनला मारण्याची जी कारणे सांगितली गेली ती प्रामुख्याने पुढील हंगामांच्या सोयीची होती. लोगन आणि व्हेरॉनिका यांच्या स्वभावांतून अपरिहार्यपणे निघणारी नव्हती. भावी उत्पादनासाठी चालू उत्पादनाचा त्याग करणे याला गुंतवणूक म्हणतात. कारखानदाराला ती शोभते. कथेत मात्र प्रत्येक मृत्यूला त्याच कथेत कारण सापडावे लागते. त्यातही दैवदुर्विलास असा की ज्या भविष्यासाठी हा त्याग केला ते आलेच नाही. पाचवा हंगाम त्यानंतर निघालेला नाही.

ज्याच्यासाठी कोणी रडले नाही

या वादात अर्थशास्त्राच्या शिक्षकाला खटकणारी आणखी एक गोष्ट आहे. मालिकेत वीव्हिल नावाचे एक पात्र आहे. गरीब, स्थलांतरितांच्या वस्तीतले, मोटारसायकलवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या. चित्रपटात तो सुधारलेला, बायकोमुलीचा संसारी माणूस म्हणून भेटतो. एका धनाढ्य स्त्रीची गाडी टोळीने घेरलेली पाहून तो मदतीला जातो, तर ती घाबरून त्यालाच गोळी घालते. आणि पोलीस त्याच्याजवळ पिस्तूल होते असा बनाव करतात. चित्रपटाच्या अखेरीस तो पुन्हा टोळीत दिसतो. लोगन सुधारतो आणि मरतो. वीव्हिल सुधारतो आणि त्याला पुन्हा चिखलात ढकलले जाते. वर्गभेद हा ज्या मालिकेचा कणा आहे तिच्यातले हे सर्वांत कठोर कथानक. त्यावर चर्चा झाली नाही असे नाही. पण नटाच्या मुलासाठी जो आकांत झाला त्याच्या मानाने ती अगदीच क्षीण होती.

प्रेक्षकांची सहानुभूती ही देखील एक संपत्तीच आहे आणि तिचीही वाटणी विषम असते, असा याचा अर्थ. चाहत्यांचा वाद हा लोकमताचा आरसा मानायचा तर त्या आरशात हा डागही पाहिला पाहिजे. पुनरुज्जीवित मालिकेने कोणाला न्याय दिला, असे विचारताना आपण कोणासाठी न्याय मागितला, हेही विचारायला हवे.

बाहेर पडणे आणि बोलणे

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटेखानी ग्रंथ लिहून दाखवून दिले की एखादी संस्था बिघडू लागली तर तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात. एक, मुकाट्याने बाहेर पडणे. दुसरा, आत राहून बोलणे. बाजारपेठेचा भर पहिल्यावर, राजकारणाचा दुसऱ्यावर. कोणता मार्ग स्वीकारला जाईल हे बव्हंशी निष्ठेवर ठरते. ज्याची निष्ठा नाही तो साबण बदलावा तशी मालिका बदलतो. ज्याची निष्ठा आहे तो बसून भांडतो.

शेरलॉक होम्सला कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात मारले तेव्हा पुष्कळ वाचकांनी वर्गणी बंद केली आणि पुष्कळांनी पत्रे लिहिली. म्हणजे दोन्ही मार्ग एकदमच चोखाळले. १९०१ साली होम्स आधीच्या काळातल्या कथेत अवतरला आणि १९०३ साली चक्क जिवंत होऊन परतला. त्यात वाचकांच्या आग्रहाइतकाच प्रकाशकांनी देऊ केलेल्या घसघशीत मानधनाचाही वाटा होता. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या २००० साली सुरू झालेल्या मालिकेत मिहिरचा मृत्यू दाखविला तेव्हा प्रेक्षकांनी असा गहजब केला की त्याला परत आणावे लागले. तीच मालिका २०२५ साली पुन्हा सुरू झाली आणि तुलसी-मिहिरच्या संसारात नॉयनाचा प्रवेश होताच पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रेक्षक पुन्हा भांडू लागले. त्यांना हसणारे हे विसरतात की भांडण थांबते तेव्हा मालिका वाचलेली नसते; ती मेलेली असते.

मराठी वाचकाला तर याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कर्णावर अन्याय झाला की त्याने तो ओढवून घेतला, यावर आपण पिढ्यान् पिढ्या वाद घालीत आलो आहोत. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. त्याच सुमारास इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातील पात्रांना निर्मम दृष्टीने तपासले. कर्ण कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून ज्याला उत्तर द्यायचे त्याने दुसरा कर्ण लिहावा, अशी मुभा होती. लोगन एकोल्सच्या बाबतीत ती नाही. अमेरिकन कायद्यानुसार कंपनीच्या अशा निर्मितीवरील हक्क प्रसिद्धीपासून ९५ वर्षे टिकतो. म्हणजे २००४ साली अवतरलेले हे पात्र २१०० साल उजाडेपर्यंत सर्वांचे होणार नाही. होम्सच्या अखेरच्या कथा तेथे २०२३ साली मुक्त झाल्या. कर्णाचा वाचक प्रतिग्रंथ लिहून, तो छापून आणि विकून वाद घालू शकतो. लोगनच्या प्रेक्षकाला नुसता वादच घालता येतो. एका दाराला कुलूप असले की दुसऱ्या दारापाशी गर्दी होते, यात नवल ते काय?

हक्क कशाचा?

मग वर्गणीदार प्रेक्षकाचा हक्क नेमका कोणता? ‘आम्ही पैसे दिले, तेव्हा त्याला जिवंत ठेवा’ ही मागणी मला मान्य होण्यासारखी नाही. कथेचा शेवट वर्गणीने ठरू लागला तर उद्या जो अधिक वर्गणी देईल त्याचा शेवट खरा ठरेल, आणि लोकशाहीच्या नावाने आपण पुन्हा थैलीशाहीच्याच दारात जाऊन उभे राहू. नेपच्यूनच्या कथेला हा शेवट मुळीच साजणार नाही. लेखकाचे स्वातंत्र्य हे वाचकाच्याच हिताचे असते; जो लेखक आपल्याला कधीच दुखवू शकत नाही तो आपल्याला काही सांगूही शकत नाही.

परंतु दुसऱ्या बाजूची मखलाशीही तितकीच नाकारली पाहिजे. पैसा हवा असताना ‘ही मालिका तुमची आहे’ म्हणायचे आणि प्रश्न आले की ‘मालक आम्ही आहोत’ म्हणायचे, हा व्यवहार कायद्याने चालेल, नीतीने चालणार नाही. बंद पडलेली मालिका बारा वर्षांनी पुन्हा सुरू करता येते ती कशाच्या बळावर? चित्रफिती कपाटात सुरक्षित होत्या म्हणून नव्हे. त्या काळात हजारो माणसांनी त्या पात्रांबद्दल बोलत राहून त्यांना जिवंत ठेवले म्हणून. हे श्रम बिनमोल होते, आणि बिनमोल श्रमांना किंमत नसते असे मानण्याची चूक अर्थशास्त्राने पुष्कळ वर्षे केली आहे. घरकामाच्या बाबतीत ती आजही पुरती दुरुस्त झालेली नाही. पुनरुज्जीवन हे असे संयुक्त उत्पादन आहे. त्यात प्रेक्षकाचा वाटा नफ्याचा नसेल, निर्णयाचा नसेल. पण कारण विचारण्याचा आणि कारण पटले नाही तर तसे सांगण्याचा निश्चितच आहे.

जो केवळ खरेदीदार आहे त्याला माल परत करता येतो. ज्याने पंधरा वर्षे जीव लावला त्याला परत करण्यासारखे काही उरत नाही. त्याच्यापाशी फक्त मत उरते. ते त्याने मांडावे, कसून मांडावे, आणि लोगनसाठी मांडतो तितक्याच पोटतिडिकीने वीव्हिलसाठीही मांडावे. ज्यांनी त्याच्याकडे वर्गणीसाठी एकदा हात पसरला आहे त्यांच्यावर ते ऐकून घेण्याचे ऋण आहे, आणि त्या ऋणाला कंपनीच्या ताळेबंदात जागा नसली तरी ते फिटत नाही.